पुण्याची लोकसभेची जागा कायद्यामुळे रिकामी राहिली नव्हती

‘पुण्याचा खरा राजकीय इतिहास’ या मथळ्याचा एक निनावी मजकूर गेले काही महिने शहरातील कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. असे मजकूर वाचून सोडून द्यावेत, असे मलाही इतके दिवस वाटत होते. परंतु राज्यशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने महाविद्यालयाच्या प्रकल्पात त्यातील विधाने जशीच्या तशी उतरवली आणि आधार विचारल्यावर ‘मावशी, सगळीकडे हेच लिहिलेलं आहे’ असे उत्तर दिले, तेव्हा गप्प बसणे मला शक्य राहिले नाही.

त्या मजकुरात पाच विधाने आहेत. पहिले, 1952 पासून 2014 पर्यंत पुण्याची लोकसभेची जागा एकाच पक्षाच्या मालकीची होती. दुसरे, हा पेठांचा मतदारसंघ असून येथील मतदार केवळ जात पाहून मत देतो. तिसरे, पुण्यातून आजवर एकही महिला लोकसभेत गेलेली नाही. चौथे, कसबा विधानसभा मतदारसंघ स्वातंत्र्यापासून भाजपचा होता आणि 2023 मध्ये तो प्रथमच हातचा गेला. पाचवे, पुण्याचे खासदार गिरीश बापट यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक झाली नाही कारण कायद्यानेच ती घेता येत नव्हती, आणि एका खासदाराच्या नसण्याने शहराचे काही बिघडलेही नाही. मी या शेवटच्या विधानापासून सुरुवात करते, कारण बाकीची विधाने जुन्या इतिहासाविषयीची आहेत, तर हे विधान नागरिकाच्या हक्काविषयीचे आहे आणि ते खरे मानणारा मतदार पुढच्या वेळीही असाच गप्प राहील.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 151-अ प्रत्येकाने एकदा स्वतः वाचावे. ते जेमतेम एका परिच्छेदाचे आहे. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेतली पाहिजे, असा त्याचा मूळ नियम आहे. त्याला अपवाद दोनच आहेत. सभागृहातील त्या जागेची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, हा पहिला. आणि सहा महिन्यांत निवडणूक घेणे अवघड आहे असे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले असेल, हा दुसरा. बापट यांचे निधन 29 मार्च 2023 रोजी झाले. सतराव्या लोकसभेची मुदत 16 जून 2024 पर्यंत होती. म्हणजे साडेचौदा महिने शिल्लक होते, आणि ‘एक वर्षापेक्षा कमी मुदत उरली होती’ हे त्या मजकुरातील वाक्य दोन तारखांच्या साध्या वजाबाकीतच खोटे ठरते. ही वजाबाकी न करता हजारो लोकांनी ते वाक्य पुढे पाठवले, याचा मला खरोखर संताप येतो.

राहिला दुसरा अपवाद. आयोगाला असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आहे, एवढे अर्धसत्य या विधानात आहे आणि ते मी मान्य करते. आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये तसे प्रमाणपत्र दिलेही. परंतु त्यातील कारणे काय होती? इतर निवडणुकांच्या कामात यंत्रणा गुंतलेली आहे, 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीची तयारी करायची आहे आणि निवडून येणाऱ्या सदस्याला अल्प काळच मिळेल. याविरुद्ध पुण्यातील एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि 13 डिसेंबर 2023 रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल व न्यायमूर्ती कमल खाता यांच्या खंडपीठाने ते प्रमाणपत्र रद्द करून पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला. निवडणुका घेणे हेच ज्या संस्थेचे काम, तिने निवडणुकांच्या कामात व्यग्र असल्याचे कारण सांगून एका मतदारसंघाला प्रतिनिधीविना ठेवणे न्यायालयाला मान्य झाले नाही. पुढे 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली आणि पोटनिवडणूक झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र तोवर सार्वत्रिक निवडणूक दाराशी आली होती आणि सहा महिन्यांची मुदत सप्टेंबर 2023 मध्येच उलटून गेली होती. म्हणून ‘कायद्याने घेता येत नव्हती’ असे म्हणणे चुकीचे आहे. कायद्याने ती घ्यायला सांगितली होती आणि ती घेतली गेली नाही.

यंत्रणेला वेळ नव्हता, यावर ज्यांचा विश्वास बसतो त्यांनी आपल्याच शहराकडे पाहावे. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक यांचे निधन 22 डिसेंबर 2022 रोजी झाले, चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप यांचे 3 जानेवारी 2023 रोजी, आणि दोन्ही मतदारसंघांत 26 फेब्रुवारी 2023 रोजी मतदानही पार पडले. केरळमध्ये आमदार ओमन चंडी यांचे 18 जुलै 2023 रोजी, म्हणजे बापट यांच्यानंतर साडेतीन महिन्यांहून अधिक काळाने निधन झाले, तरी त्यांच्या पुथुपल्ली मतदारसंघात 5 सप्टेंबरला मतदान झाले होते.

‘काही बिघडले नाही’ हे त्याच विधानाचे शेपूट तर मला सर्वांत अपायकारक वाटते. 20 सप्टेंबर 2023 रोजी लोकसभेने महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक 454 विरुद्ध 2 मतांनी संमत केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतीय दंड संहितेच्या जागी येणाऱ्या न्याय संहितेसह तीन फौजदारी विधेयके लोकसभेत संमत झाली. या मतदानांच्या वेळी सुमारे 20 लाख मतदारांच्या पुणे मतदारसंघाच्या वतीने हो म्हणणारे किंवा नाही म्हणणारे कोणीही सभागृहात नव्हते. पुण्यात पहिल्यांदा मुलींची शाळा निघाल्याचा अभिमान आपण वर्षभर सांगतो आणि महिला आरक्षणाच्या मतदानात आपल्या शहराचे मत नव्हते हे मात्र आपल्याला ठाऊकही नसते. 4 जून 2024 रोजी मुरलीधर मोहोळ निवडून आले तेव्हा ही पोकळी भरली, म्हणजे तोवर चौदा महिने उलटले होते.

आता एकाच पक्षाच्या मालकीचा मुद्दा. 1952 ते 2009 या काळात 15 सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांपैकी 10 काँग्रेसने जिंकल्या. पारडे काँग्रेसकडे झुकलेले होते, हे नाइलाजाने का होईना मान्य करावेच लागते. परंतु उरलेल्या पाच निवडणुकाच या मतदारसंघाचा खरा स्वभाव सांगतात. 1957 मध्ये नानासाहेब गोरे यांनी काकासाहेब गाडगीळ यांचा पराभव केला. काकासाहेब नेहरूंच्या मंत्रिमंडळात राहिलेले होते आणि त्यांनी स्वतः लोकसभेत संयुक्त महाराष्ट्राची बाजू मांडली होती. तरीही त्यांचा पक्ष मुंबईसह महाराष्ट्र द्यायला तयार नाही, या एका कारणासाठी पुणेकरांनी गोवा सत्याग्रहात कारावास भोगून आलेल्या समाजवादी गोऱ्यांना निवडले. 1967 मध्ये एस. एम. जोशी जिंकले. 1971 मध्ये काँग्रेसचे म्हणून निवडून आलेले मोहन धारिया यांना जयप्रकाश नारायण यांच्याशी संवाद साधावा असे म्हटल्यामुळे 1975 मध्ये मंत्रिपद सोडावे लागले, आणि आणीबाणीनंतर 1977 मध्ये त्याच धारियांना पुण्याने जनता पक्षाचे खासदार म्हणून पुन्हा दिल्लीला पाठवले. माणूस तोच आणि मतदारसंघही तोच असताना पक्ष बदलला, आणि त्या बदलाचे कारण मतदारांना पटलेले होते. 1991 मध्ये भाजपचे अण्णा जोशी यांनी तीन वेळा निवडून आलेल्या विठ्ठलराव गाडगीळ यांना हरवले आणि 1999 मध्ये भाजपचेच प्रदीप रावत जिंकले. एवढी उलथापालथ झालेल्या जागेला कोणाची मालमत्ता म्हणणे हा त्या मतदारांचा अपमान आहे.

जातीच्या विधानाने मला फार वाईट वाटले, कारण ते शहरातल्या शेजाऱ्यांना एकमेकांविषयी संशय घ्यायला शिकवते. पेठांचा मतदारसंघ हे वर्णन तर आज भूगोलालाही धरून नाही. 2008 च्या पुनर्रचनेनंतर पुणे लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. हडपसर शिरूरला आणि खडकवासला बारामतीला जोडलेला आहे. राजकीय पक्ष उमेदवार ठरवताना जातीचा हिशोब मांडतात आणि कसब्याच्या 2023 च्या पोटनिवडणुकीत तशी चर्चा उघडपणे झाली, हे मी नाकारत नाही. परंतु मतदार केवळ जात पाहतो असे मानले, तर 1957 च्या निकालाचा अर्थ कसा लावायचा, जिथे गाडगीळ आणि गोरे एकाच समाजातले होते? सुरेश कलमाडी 1996 मध्ये काँग्रेसचे म्हणून जिंकले, 1998 मध्ये भाजप-शिवसेना युतीच्या पाठिंब्यावर उभे राहून काँग्रेसचे विठ्ठल तुपे यांच्याकडून हरले आणि 2004 मध्ये पुन्हा काँग्रेसकडून जिंकले. या आठ वर्षांत त्यांची जात बदललेली नव्हती. याच शहरात ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि ब्राह्मण काकासाहेब गाडगीळ यांनी 1930 च्या दशकात खांद्याला खांदा लावून काँग्रेस वाढवली. पुढे जेध्यांबरोबर शेतकरी कामगार पक्ष उभा करणारे शंकरराव मोरे 1962 मध्ये काँग्रेसच्या वतीने पुण्याचे खासदार झाले. हा इतिहास एका ओळीत जातीच्या खात्यावर टाकणाऱ्याने तो वाचलेलाच नाही.

महिला खासदाराविषयीचे विधान थोडक्यात निकालात काढता येते. 1952 मध्ये पुणे दक्षिण मतदारसंघातून इंदिरा मायदेव लोकसभेत निवडून गेल्या होत्या. त्यानंतर आजच्या पुणे मतदारसंघातून एकही महिला निवडून आलेली नाही हे मात्र खरे आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने एवढेच लिहिले असते तर त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नव्हते.

कसब्याविषयी एवढेच की भारतीय जनता पक्षाची स्थापना 1980 मधील आहे, त्यामुळे ‘स्वातंत्र्यापासून’ हा शब्द पहिल्याच वाचनात खटकायला हवा होता. 1995 पासून गिरीश बापट सलग पाच वेळा आणि 2019 मध्ये मुक्ता टिळक निवडून आल्या, म्हणून 28 वर्षांचा बालेकिल्ला असे म्हटले तर ते योग्य आहे. परंतु 1978 मध्ये जनता पक्षाचे आणि 1980 मध्ये भाजपचे आमदार झालेले अरविंद लेले यांच्यानंतर 1985 मध्ये काँग्रेसचे उल्हास काळोखे येथून जिंकले होते. 1990 मध्ये अण्णा जोशी यांनी ही जागा परत मिळवली. ते लोकसभेत गेल्यावर झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात यांनी खुद्द बापट यांचा पराभव केला होता. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांचा 2023 मधील विजय मोठा होता, पण पहिला नव्हता, आणि 2024 च्या विधानसभा निवडणुकीत हेमंत रासने यांनी धंगेकरांना हरवून ही जागा भाजपकडे परत आणली.