म्हणे, सेंद्रिय शेतीला संशोधन कशाला?

मावसभावाने काल एक मेसेज पुढे ढकलला, वर स्वतःची ओळ: "घे, संपला विषय." मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सेंद्रिय शेतीच्या संशोधनावर आणि शेतकरी प्रशिक्षणावर सरकारी पैसा घालणं ही उधळपट्टी. २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण आणि गूळ कालवून एकराला दिलं की दुसरं खत नको. घरचं आहे म्हणजे अपाय नाही. शिकायला एक व्हिडिओ पुरे. आणि संशोधन म्हणजे कंपन्यांची दुकानदारी.

आधी तो २०० लिटरचा ड्रम. ताज्या शेणात बहुतेक पाणीच असतं, नत्र (नायट्रोजन, पिकाचं मुख्य अन्न) जेमतेम अर्धा टक्का. १० किलोत झालं ५० ग्रॅम. एकरी १२ क्विंटल गहू निघाला, तर दाण्यात साधारण २ टक्के धरून २४ किलो नत्र शेताबाहेर गेलं. हंगामात असे आठ ड्रम ओतले तरी बेरीज ४०० ग्रॅम. उरलेलं साडेतेवीस किलो कुठून आणणार?

"जिवाणू हवेतून ओढतात," हे ठरलेलं उत्तर. ओढतात, पण कोणते? द्विदल पिकाच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम भरपूर ओढतात, कारण पीक त्यांना साखर पुरवतं. त्यातही सोयाबीनचं संवर्धक (बियाण्याला चोळायचं जिवाणूंचं पाकीट) हरभऱ्याला चालत नाही, आणि पाकीट उन्हात पडून राहिलं तर आतले जिवाणू मरतात. फुलोऱ्याच्या सुमारास रोप मुळासकट हलक्या हाताने उपटून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर ती गाठ नुसती शोभेची. मातीत मोकळे राहणारे जिवाणू मात्र स्वतःचं इंधन स्वतः शोधतात, म्हणून त्यांची कमाई सहसा तुटपुंजी असते. मग सुरुवातीला पीक बरं येतं ते कशावर? मातीतल्या जुन्या सेंद्रिय साठ्यावर. मुद्दल मोडून व्याज म्हणून दाखवायचं, असला हा हिशेब. साठा उतरतो तेव्हा व्हिडिओवाला फोन उचलत नाही.

हे दोन-तीन हंगामांत दिसत नाही, म्हणूनच वर्षानुवर्षं चालणाऱ्या चाचण्या लागतात. स्वित्झर्लंडमधल्या थेरविलला १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक पद्धती शेजारी-शेजारी, पिकांची तीच फेरपालट ठेवून तपासल्या जात आहेत. पहिल्या २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत आले: सेंद्रिय वाफ्यांत उत्पादन सरासरी २० टक्क्यांनी कमी, पण खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी, कीडनाशकं ९७ टक्क्यांनी कमी. म्हणजे "उत्पादन मुळीच घटत नाही" म्हणणारे चुकले आणि "सेंद्रिय म्हणजे थोतांड" म्हणणारेही. आता सांगा, २१ वर्षं थांबायला कोणती कंपनी तयार होईल? फेरपालट बाटलीत भरून विकता येत नाही. विकता येत नाही त्यावर कंपनी पैसा घालत नाही, म्हणून तर तो सार्वजनिक तिजोरीतून यावा लागतो. दुकानदारीचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

"घरचं म्हणजे निर्धोक" हे तर सरळ घातक. तंबाखूचा काढा घरीच होतो. त्यातलं निकोटिन फवारणाऱ्याच्या कातडीतून शिरतं. ताज्या शेणात ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचे घातक प्रकार असू शकतात. अमेरिकेचा सेंद्रिय नियम सांगतो: खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चं शेण आणि काढणी यांत किमान १२० दिवस हवेत, लागत नसेल तर ९०. पालेभाजी त्याच्या कितीतरी आधी निघते. लांब ढिगात कंपोस्ट करायचं तर तोच नियम १५ दिवस ५५ अंशांच्या वर तापमान आणि त्या काळात किमान पाच वेळा पलटी मागतो. पलटी का, तर बाहेरचा गार थर आत जाऊन तापावा म्हणून. मूठभर माल घट्ट दाबला की एखाद-दुसरा थेंब सुटावा. धार लागली तर हवा कोंडते आणि आंबूस वास येतो. अमोनियाचा वास आला तर नत्र उडून चाललंय, काडीकचरा मिसळा. अर्धकच्चं कंपोस्ट शेतात गेलं तर जिवाणू उरलेला काडीकचरा कुजवायला मातीतलंच नत्र धरून ठेवतात आणि रोपं पिवळी पडतात. यातलं किती त्या व्हिडिओत आहे?

व्हिडिओचंच निघालं म्हणून. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातासाठी शेतकरी शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक जणांचा गट, लावणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला बांधावर. जाळी लावलेल्या रोपावर तुडतुडे ही कीड आणि ती खाणारा एक कोळी सोडायचा, दुसऱ्या दिवशी किती तुडतुडे उरले ते मोजायचे. ज्याने ते स्वतः मोजलं, तो फवारणीआधी कोळी आहेत का ते बघतो. त्याला पूर्ण हंगाम आणि पगारी प्रशिक्षक लागतो.

एक मात्र मान्य, थोडं नाइलाजाने: बरंचसं संशोधन कपाटात पडून राहतं, आणि पिकांचे वाणही बहुतेक भरपूर रासायनिक खतावरच निवडलेले असतात, सेंद्रिय शेतासाठी नव्हे. पण म्हणून निधी बंद करायचा की शेतकऱ्याच्या वावरात चाचण्या घ्यायला द्यायचा?

आणि भावा, तू भरून ठेवलेला तो ड्रम पालेभाजीच्या वाफ्यात ओतू नकोस. कंपोस्टचा ढीग रचतोस तेव्हा पाण्याऐवजी तोच शिंपड, ओलावा तिथे लागतोच.