पैसा नगरपालिकेचा, कारभार मात्र तिच्या एकटीच्या हाती नको

पुण्यात दगडूशेठला गेलं की नजर समोर भिडे वाड्याच्या जागेकडे जातेच, फुल्यांनी मुलींची पहिली शाळा काढली ती इथेच. वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, आता स्मारक व्हायचंय. दर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, हार, भाषणं, १८४८, शेणाचे गोळे. सगळं खरं आणि सगळं पाठ! पण आपण फुल्यांची पहिली शाळा डोक्यावर घेतली आणि १८८२ चं त्यांचं निवेदन कपाटात टाकलं, असं माझं मत आहे.

त्या वर्षी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी शिक्षणावर लेखी म्हणणं मांडलं. मुलींच्या आणि महार-मांगांच्या शाळा त्यांनी स्वतः उभ्या केल्या, काही वर्षं चालवल्या. मुलींच्या शाळा पुढे सरकारी शिक्षण खात्याकडे गेल्या. म्हणजे ही तक्रार वर्गात उभं राहिलेल्या माणसाची होती. ते म्हणतात, महसूल भरते रयत आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. वरून विद्या झिरपत खाली येईल, हे सरकारचं गणित. ती कुठे झिरपली? पुण्यासारख्या शहरात अस्पृश्य मुलांसाठी शाळा एकच, आणि तिथली हजेरी तिसाच्या आत, हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

उपायही मोघम नाहीत. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा. शिकवा काय, तर मोडी-बाळबोध वाचन, लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेती, नीती, आरोग्य. मास्तर शक्यतो नांगर किंवा सुताराचा वाकस धरू शकणाऱ्यांतून तयार करा, आणि पगार बारा रुपयांच्या खाली नको. (आजच्या कंत्राटी शिक्षकांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं.)

मला सगळ्यात आवडतो तो नगरपालिकेचा मुद्दा. मोठ्या शहरांत प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकेने उचलावा. मात्र शाळांचा कारभार पूर्णपणे तिच्याकडे सोपवू नये, देखरेख शिक्षण खात्याची असावी. १८७६ पासून काही वर्षं हे गृहस्थ स्वतः पुणे नगरपालिकेचे सदस्य होते! तिथे बसून काय पाहिलं असेल, त्याचा अंदाज आपल्याला सहज येतो.

सक्तीचा कायदा नगरपालिकांच्या हाती आला तो १९१८ मध्ये, मुंबई कायदेमंडळातल्या विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने. तोही ऐच्छिक, नगरपालिकेला वाटलं तर. शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्ती आदल्याच वर्षी आणली होती, तिथे कुणाला वाटायची वाट पाहिली नाही.

मी मनपाच्याच शाळेत शिकलो. माझ्या वर्गातला एकही जण आज आपलं पोर मनपाच्या शाळेत घालत नाही. मीही घातलं नाही. ३ जानेवारीला फुल्यांचा फोटो मात्र आम्ही सगळेच टाकतो.