सगळ्यालाच २०० ग्रॅमची वाटी?

दिवाळी तोंडावर आली की मोबाइलवर फराळाच्या कृती धडाधड येऊन पडतात. परवा आलेली चकलीची बघा: भाजणी ५०० ग्रॅम, पाणी ४ वाट्या, मोहन अर्धी वाटी. आणि खाली ठळक अक्षरात, ‘१ वाटी = २०० ग्रॅम’. अरे, कशाची? पिठाची, तेलाची, का साखरेची?

आमटीची वाटी साधारण १५० मिलीची धरा. मोकळी भाजणी तिच्यात ७५ ग्रॅमच्या आसपास बसते. म्हणजे अर्ध्या किलोला साडेसहा वाट्या पाहिजेत. ती ठळक ओळ खरी मानणारी बाई अडीचच वाट्या घेणार, १९० ग्रॅम, आणि मोहन ओतणार पुऱ्या अर्ध्या किलोचं! अशी चकली कढईत पडली की विरघळते, तळाला नुसता चुरा. ४ वाट्या पाण्यात तर ते पीठ सोऱ्यात थांबतच नाही. मग चार जणी सांगायला येणार: उडीद कमी पडला, तेल तापलं नव्हतं. माप चुकलंय, माप! तेल वाया गेलं ते गेलं, वर बोल करणारणीच्या हाताला.

आणि ‘आजी वाटीनंच करायची’ हे ऐकवू नका. आजी सगळं एकाच वाटीनं घ्यायची. वाटी लहान असो, मोठी असो, प्रमाण हलत नव्हतं. अर्धं वजनात, अर्धं वाटीत, ही खिचडी तिनं केली नाही. धान्य मोजायची १६ चिपट्यांची पायली आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालली, पण पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई वजनाला सारखी भरत नाही हे मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, कुणालाही विचारा. शीग लावून, म्हणजे वर ढीग करून भरलं का सपाट, हेही तिथं आधी ठरतं. कृती लिहिणाऱ्यांना एवढंही ठरवता येत नाही?

कपाचं तर विचारूच नका. अमेरिकेचा कप २३७ मिली, मेट्रिक २५०, जपानचा २००. त्यात मैदा चमच्यानं सैल भरला तर १२० ग्रॅम, कप डब्यात खुपसून दाबून काढला तर १५० पर्यंत जातो. एकाच कपात ३० ग्रॅमचा फरक, मग केक दगड होणार नाही तर काय? आणि ‘१ चमचा मीठ’! चहाचा चमचा ५ मिली, बारीक मीठ ६ ग्रॅम. टेबलस्पून १५ मिली, मीठ १८ ग्रॅम. कोणता ते लिहायला हात दुखतो का?

काट्यावर रिकामी वाटी ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. त्याला तेलासाठी ०.९२, साखरेसाठी ०.८५, मैदा आणि पिठीसाखरेसाठी ०.५ नं गुणा. १५० मिलीच्या वाटीत दाणेदार साखर सव्वाशे ग्रॅमच्या वर, पिठी जेमतेम ७५. बेसनाच्या लाडवात ‘साखर २ वाट्या’ एवढंच लिहून मोकळे होणाऱ्यांनी हा फरक एकदा तोलून बघावा.

आणि गूळ १ वाटी म्हणजे किसलेला, चिरलेला, का ठेचून दाबलेला? ग्रॅम लिहा ना सरळ!