३०० जीएसएमचा कागद का दिला नाही

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. प्लेस्टेशन २ च्या जुन्या गेमसाठी मराठी नावं टाकून तुम्ही स्वतः कव्हरं डिझाइन केलीत आणि आमच्याकडे छापून घेतलीत. ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद सहसा जाड) मागूनही आम्ही 'हँडबिलासारखा' पातळ कागद वापरला, निळा रंग मॉनिटरवर दिसतो तसा आला नाही आणि घरच्या प्रिंटरवर फोटो पेपर घालून याहून बरं निघालं असतं, असं तुम्ही लिहिलं आहे. एवढी मेहनत घेतलेलं काम मनासारखं वाटलं नाही की वाईट वाटतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो. अशी कव्हरं करू पाहणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

तुम्हाला दिलेला कागद १५० जीएसएमचा ग्लॉसी आर्ट पेपर आहे. सुटा हातात धरला तर पातळ वाटतो, हे खरं. पण हे कव्हर बॉक्सवरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत सरकवायचं असतं. ऑर्डर घेताना ३०० चं आर्ट कार्ड आम्ही तुमच्याच बॉक्समध्ये घालून दाखवलं होतं. स्पाइनपाशी, म्हणजे बॉक्सच्या अरुंद कण्यापाशी, ते फुगलं, बॉक्स मिटताना प्लॅस्टिक ताणलं गेलं आणि कार्डाची कड वर सरकून बाहेर आली. ते बघूनच तुम्ही १५० ला होकार दिलात.

खरी अडचण घडीची आहे. डीव्हीडी बॉक्सचं कव्हर उलगडलं की साधारण २७३ बाय १८३ मिमी भरतं आणि मधली स्पाइन जेमतेम १४ मिमीची. एवढ्या कमी अंतरात दोन घड्या येतात. जाड कार्डावर घडी घातली की टोनर (लेझर छपाईतली रंगाची पावडर) तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. तुमच्यासारख्या गडद निळ्या डिझाइनवर तर ती लांबूनही दिसली असती. घडीच्या जागी आधी क्रीझ (दाबून पाडलेली खाच) मारून तडे कमी होतात, जाडी मात्र तेवढीच राहते. आम्ही १३ बाय १९ इंचाच्या शीटवर दोन कव्हरं अशी बसवली, की कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातले तंतू, स्पाइनच्या दिशेने जाईल. ग्रेन आडवा गेला तर १५० चा कागदसुद्धा घडीवर खरखरीत होतो. तुमच्या कव्हरांच्या घड्या बोट फिरवून बघा.

लॅमिनेशनचंही तुम्ही विचारलं होतंत. एकाच बाजूने केलं तर कागद वळतो, आणि वर प्लॅस्टिक असताना त्याची गरजही नाही.

फोटो पेपरवर निळा जास्त खुलतो, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण घरच्या इंकजेटचा तो कागद आमच्या लेझर मशीनमध्ये चालत नाही. त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा थर टोनर कागदावर पक्का करणाऱ्या फ्यूजरच्या उष्णतेने वितळतो आणि मशीनच बिघडतं. शिवाय दमट हवेत चकचकीत फोटो पेपर बॉक्सच्या प्लॅस्टिकला जागोजागी चिकटतो. पावसाळ्यानंतर कव्हर बाहेर ओढताना वरचा थरच सोलून निघाला, असे बॉक्स लोक आमच्याकडे घेऊन आले आहेत.

रंगाचं म्हणाल, तर मॉनिटरचा झगझगीत निळा प्रकाशातून तयार होतो. छपाईतल्या चार रंगांत तो तेवढा उजळ येत नाही, थोडा जांभळ्याकडे झुकतो. त्यातला सायन (आकाशी) वाढवून आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) कमी करून तो बराच सुधारता येतो. तुमची फाइल मात्र उत्तम होती. ३०० डीपीआय (दर इंचात ३०० ठिपके), चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कटिंगसाठी बाहेर सोडलेलं जास्तीचं डिझाइन), आणि देवनागरी अक्षरांची एकही वेलांटी कटिंगमध्ये गेली नाही. इतकी व्यवस्थित फाइल आमच्याकडे फार कमी येते.

एखादा बॉक्स घेऊन दुकानात या. १३०, १५० आणि १७० जीएसएमवर एकेक कव्हर छापून, तुमच्यासमोर बॉक्समध्ये घालून बघू. त्याचे पैसे घेणार नाही. ३०० चं आर्ट कार्डच आवडलं असेल, तर सगळे गेम एकत्र ठेवायला त्याचं बाहेरचं आवरण करता येईल. तिथे हा कागद शोभतो, कारण तो कशाच्या आत सरकवायचा नसतो. येताना मूळ आरजीबी (मॉनिटरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली) फाइल पेनड्राइव्हवर आणा, म्हणजे निळ्यावरही तिथेच काम करता येईल.