घोरण्याचे डेसिबल आणि गर्भवतीची तब्येत

आमच्या नात्यागोत्याच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा की गरोदरपणातले घोरणे ही गाढ झोपेची खूण असते, मोबाइलच्या ॲपवर आवाज ६० डेसिबलच्या आत असेल तर काळजीचे कारण नाही, आणि बाळंतपणानंतर घोरणे थांबतेच, म्हणून डॉक्टरांना सांगण्याची गरज नाही.

गाढ झोपेचा दावा फार टिकत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे नाकाचे आतले अस्तर सुजते, वजनही वाढते, आणि अरुंद झालेल्या वाटेने हवा जाताना घशाचा सैल भाग थरथरतो. ऐकू येतो तो या अडथळ्याचा आवाज.

डेसिबलचा मुद्दा मात्र शास्त्रीय वाटतो, म्हणूनच तो फसवा आहे. गोव्यात डिचोलीला माझ्या गरोदर भाचीच्या नवऱ्याने जुलैतल्या एका रात्री हा प्रयोग केला. फोन उशीजवळ ठेवला तेव्हा एक आकडा आला, कपाटावर ठेवला तेव्हा दुसराच. कारण उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पुढे मंगळुरी कौलांवर पावसाची सर कोसळली आणि आकडा सर्वांत वर गेला, तेव्हा भाची अंथरुणात उठून बसून पाणी पीत होती! याहून गंभीर बाब अशी की झोपेत श्वास १० सेकंद किंवा अधिक काळ अडतो, तेव्हा घोरणेही थांबते, आणि जो क्षण खरा काळजीचा, नेमका तोच ॲपला शांत वाटतो.

बाळंतपणानंतर घोरणे बहुधा कमी होते, एवढे मान्य. पण रक्तदाब वाढायचा तर तो बाळंतपणाची वाट पाहत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १,७०० हून अधिक गर्भवतींच्या अभ्यासात सुमारे ३४ टक्के स्त्रिया आठवड्यातून किमान तीन रात्री घोरत होत्या आणि २५ टक्के स्त्रियांचे घोरणे गरोदरपणातच सुरू झाले होते. उच्च रक्तदाब आणि प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून मूत्रपिंडासारख्या अवयवांवर परिणाम करणारा आजार) यांच्याशी संबंध आढळला तो या नव्याने सुरू झालेल्या घोरण्याचा. संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि घोरणाऱ्या बहुतेक जणींचे बाळंतपण सुखरूप होते. तरीही तपासणीला गेल्यावर हे सांगायलाच हवे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, डोके सतत ठणकू लागले किंवा डोळ्यांपुढे ठिपके दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

भाचीच्या नवऱ्याने आरोग्य केंद्रात डॉक्टरांना फोनवरचा आकडा दाखवला. त्यांनी तो पाहिलाही नाही, ‘घोरणे कधीपासून?’ एवढेच विचारले. त्याला ते सांगता येईना. सोबत आलेल्या त्याच्या आईने उत्तर दिले, ‘शिगमा झाल्यापासून.’ ते केसपेपरवर लिहून डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा भाचीच्या दंडाला गुंडाळला.