३ मार्कांसाठी ७० तासांचं लेक्चर?

आज दुपारी डबा खाताना मेसेज आला. आमच्या ऑफिसला आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, केलेला मुलगा, मूळचा परभणीचा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, सीए फायनलचा पहिला ग्रुप, म्हणजे तीन पेपर, मे महिन्यात राहिला आणि आता सप्टेंबरला परत बसतोय. "मॅडम, एका नवीन सरांचं एफआर आणि ऑडिटचं फास्ट ट्रॅक आलंय, ७० तासांचं आहे, डबल स्पीडला लावलं तर ३५ तासांत संपेल, घेऊ का?" परीक्षेला चाळीस दिवस राहिलेत. मला इतका राग आला की पुढचं जेवणच गेलं नाही. राग त्याच्यावर नाही, त्याला हे असं वाटायला लावणाऱ्या सगळ्यांवर.

मार्क विचारले. एफआर, म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंग, ४१, एएफएम, म्हणजे फायनान्शियल मॅनेजमेंट, ६२, ऑडिट ४४. बेरीज करा. १४७. ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात. एएफएमला साठ किंवा वर आहेत म्हणजे एक्झम्प्शन, तो पेपर परत द्यायचा नाही, ते ६२ त्याच्या खात्यावर जमा झालेत आणि ग्रुपच्या टोटलमध्ये धरले जाणार. म्हणजे उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८८ पाहिजेत आणि मे मध्ये त्याला ८५ होते. तीन मार्क! तीन मार्कांसाठी हा पोरगा ७० तास दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकणार, नवीन नोट्स, नवीन क्रमाने चाप्टर, नवीन शॉर्टकट, आणि जे पुस्तक दोन वर्षं उशाला घेऊन झोपला ते बाजूला ठेवणार.

मी विचारलं, सर्टिफाइड कॉपी, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत, मागवलीस का रे? बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत होतं. मग आलं, "नाही मॅडम. बघवणार नाही."

हे वाचलं आणि राग कुठल्या कुठे गेला, कारण हे वाक्य माझं आहे. २०१५ सालचं.

माझ्या मित्रयादीत निम्मे लोक सीए आहेत किंवा सीए होता होता दुसरीकडे वळलेले आहेत, त्यामुळे फार समजावत बसत नाही. तेव्हा आठ पेपर होते, पहिल्या ग्रुपला एफआर, एसएफएम (आताचं एएफएम), ऑडिट, लॉ. मला तिसऱ्या अटेम्प्टला ५२, ५८, ४३, ४३ पडले. १९६. चार कमी. एसएफएमला दोन अजून असते तर निदान एक्झम्प्शन तरी मिळालं असतं, तेही नाही. म्हणजे चारही पेपर परत. घरी बार्शीला गेले आणि दोन दिवस माडीवरून खाली उतरले नाही. आईने ताट वर आणून द्यायचं. कॉपी मागवली होती पण ती आल्यावर बारा दिवस उघडून बघितली नाही.

अण्णांचं किराणा दुकान. त्यांना सीए म्हणजे नक्की काय ते अजूनही पूर्ण माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, किती राहिले? चार म्हटलं. म्हणाले, रात्री गल्ल्यात चार रुपये कमी आले तर मी काय वर्षाची अख्खी वही परत लिहितो का? कुठली चिठ्ठी राहिली ते हुडकतो. आण ते कागद. मग रात्री दुकान बंद झाल्यावर काउंटरवर, तराजू बाजूला सारून, आम्ही दोघांनी ऑडिटची उत्तरपत्रिका उघडली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. ते फक्त पानं उलटत होते आणि शेवटी आल्यावर म्हणाले, "ही पानं कोरी का गं?"

सातवा प्रश्न होता. शॉर्ट नोट्स, पाचातल्या चार, प्रत्येकी चार मार्क. मी एक लिहिली होती आणि दुसरीच्या दोन ओळी. चारही नोट्स मला येत होत्या. झोपेतून उठवून विचारल्या असत्या तरी सांगितल्या असत्या. पण पहिल्या २० मार्कांच्या प्रश्नाला मी जवळजवळ पन्नास मिनिटं दिली होती, पानंच्या पानं, जे जे आठवेल ते सगळं. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, १०० मार्क, एका मार्काला पावणेदोन मिनिटांपेक्षा जरा जास्त. २० मार्कांना ३६ मिनिटं. हे साधं गणित मी दोन्ही ग्रुपच्या नादात कधी मांडलंच नव्हतं, आणि मी अकाउंटंट व्हायला निघाले होते.

आणि त्या बारा दिवसांत मी काय करत होते माहितीये? ऑडिटच्या नवीन क्लासची चौकशी!

म्हणून मला ते रील बघून संताप होतो, "पंधरा दिवसांत फायनल क्लिअर करा", मागे म्युझिक, पुढे थम्सअप. ज्यांना राहिलेली पोरं दिसली की गिऱ्हाईक दिसतं ते लोक. रिझल्टच्या दिवशी संध्याकाळी यांची जाहिरात येते, पोरं अजून रडत असतात तेव्हा. नोव्हेंबर २०२३ ला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी ९.४२ टक्के पास झाले होते. उरलेले सगळे काय मूर्ख होते का? त्यातल्या कितीतरी जणांचं आमच्यासारखं पाच-सात मार्कांवर अडलेलं असणार. त्यांना परत पहिल्यापासून शिकवायला निघालेत.

बरं, हेही खरं की मी स्वतः क्लासमुळेच शिकले. आणि ज्याला पेपरला वीस-पंचवीस पडतात त्याचं बेसिकच कच्चं आहे, त्याने परत क्लास लावावा. ठीक आहे. पण ४४ वाल्याला नाही.

आता वर्षातून तीनदा फायनल होते, जानेवारी, मे, सप्टेंबर. सगळे म्हणतात चांगलं झालं, वर्ष वाया जात नाही. झालं चांगलं. पण रिझल्ट लागेपर्यंत दोन महिने जातात आणि हातात दोन उरतात, त्यातला पहिला पंधरवडा माणूस भिंतीकडे बघत बसतो. आमच्या वेळी सहा महिन्यांचं अंतर होतं, निदान रडायला वेळ होता. त्यामुळे आता परत बसणाऱ्याला शेवटची रिव्हिजन हीच काय ती तयारी आहे, आणि ती पहिल्या अटेम्प्टसारखी करून चालणार नाही.

मी चौथ्या वेळी काय केलं ते सांगते, तसं त्यालाही लिहून पाठवलंय.

उत्तरपत्रिका आणि सजेस्टेड आन्सर, म्हणजे इन्स्टिट्यूटची नमुना उत्तरं, शेजारी शेजारी ठेवून बसले. वहीत चार रकाने आखले. येतच नव्हतं, येत होतं पण लिहिलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला, वेळ पुरला नाही. ऑडिटचे ५७ गेले होते ना, ते एकेक करून या रकान्यांत टाकले. "येतच नव्हतं" मध्ये वीसच्या आसपास आले. फक्त! बाकी सगळे माझ्या घरातलेच होते, मी ते तिकडे पोचवले नव्हते. हे बघितल्यावर त्या रात्री मी तीन आठवड्यांनी नीट झोपले. खरंच सांगते, मार्क कुठे गेले ते कळलं की भीती निम्मी होते. अण्णांनी वही मिटली आणि म्हणाले, सापडली चिठ्ठी.

मग वाचन कमी केलं आणि लिहिणं वाढवलं. परत बसणाऱ्या माणसाचा घात पुस्तकच करतं, कारण पान उघडलं की ओळखीचं वाटतं, हायलायटर मारलेलं, कडेला आपल्याच अक्षरात काहीतरी, आणि आपण म्हणतो हे येतंय, पुढे चला. अरे ते दिसतंय तुला, येतंय कुठे? पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर एसए ५७० चं, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का त्यावरच्या ऑडिट स्टँडर्डचं, उत्तर लिहून दाखव. कारोचे, म्हणजे ऑडिट रिपोर्टबद्दलच्या सरकारी आदेशाचे, २१ क्लॉज आहेत, त्यातले किती न बघता येतात? आणि जे आवडतं तेच आपण परत परत करतो. माझं एफआरमधलं लीजचं आणि रेव्हेन्यूचं झकास होतं तर मी तेच करत बसायचे, कन्सॉलिडेशन निघालं की तहान लागायची, चहा आठवायचा. हा मुलगासुद्धा म्हणाला की इंड एएस ११५, म्हणजे रेव्हेन्यूचं अकाउंटिंग स्टँडर्ड, चार वेळा झालं आणि इंड एएस १०३, म्हणजे एका कंपनीने दुसरी घेण्याचं, एकदा. ४१ काय उगाच पडतात?

दुसरं, दुपारी दोनचं. फायनलचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो आणि आपण अभ्यास करतो रात्री अकरा ते तीन. दोन वाजता डोळ्यावर पेंग असते. मी शेवटच्या महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी पावणेदोनला टेबलावर बसायचे, पंधरा मिनिटं नुसता पेपर वाचायचा, पेन खाली, दोनला सुरू, पाचला बंद. मध्ये पाणीसुद्धा टेबलावरचंच. पहिले दोन पेपर इतके वाईट गेले की मी आईवर चिडले, विनाकारण. तिसऱ्यापासून हात चालायला लागला. आता ३० मार्कांचे एमसीक्यू आहेत आणि ७० चं लिखाण, त्यामुळे गणित थोडं बदललंय, मान्य. पण निगेटिव्ह मार्किंग नाही तरी पोरं एमसीक्यूच्या केस वाचत वाचत एक तास घालवतात आणि मग परत तीच कोरी पानं.

तिसरं म्हणजे दीड दिवस. मध्ये एक दिवस सुट्टी असते, म्हणजे एका पेपरहून परत आल्यावर पुढच्यासाठी एक संध्याकाळ, एक पूर्ण दिवस आणि एक सकाळ. सगळ्यांना हे माहीत असतं, पण कुणी आधी करून बघत नाही. मी बघितलं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ऑडिट हातात घेतलं, रविवारी दुपारी एकला थांबले. निम्मं पण झालं नव्हतं! ते परीक्षेच्या आधी पंचवीस दिवस कळलं म्हणून बरं, नाहीतर परीक्षेतच कळलं असतं. मग नोट्स कापायला लागले. जे आता कधीच विसरणार नाही त्यावर काट मारली. राहिलं ते एका पातळ वहीत, आणि शेवटच्या सकाळी तर फक्त त्या रकान्यातल्या चुका. बास.

नवीन काही घेऊ नका म्हणते त्याला एकच अपवाद, अमेंडमेंट, म्हणजे कायद्यात झालेले बदल. दुसऱ्या ग्रुपला टॅक्स असणाऱ्यांनी जुन्या नोट्सवर डोळे मिटून विसंबू नका, आपल्या अटेम्प्टची आरटीपी, म्हणजे इन्स्टिट्यूटचा रिव्हिजन टेस्ट पेपर, काढा आणि कुठला फायनान्स ॲक्ट लागू आहे ते बघा. आणि इन्स्टिट्यूटचे मॉक टेस्ट पेपर. हे सगळं फुकट मिळतं. फुकट मिळतं म्हणूनच कुणाला त्याची किंमत वाटत नाही की काय कोण जाणे. टेलिग्रामवरच्या "पक्के येणारे प्रश्न" वाल्या पीडीएफ मात्र रात्री दोनला बरोबर उघडल्या जातात.

तीन मार्कांचं म्हणते त्यावर कुणीतरी म्हणेल, पेपर दर वेळी वेगळा असतो, ८८ धरून बसला तर परत ८५ वर येईल. बरोबर आहे. दोन्हीकडे निदान चाळीस तर हवेतच, आणि त्याने पन्नास-पन्नास धरूनच तयारी करावी. पण ते वरचे मार्क त्याच्या स्वतःच्या कोऱ्या पानांतच पडलेत, हे मला कुणी पटवायची गरज नाही.

आणि एक राहिलंच. लग्नाकार्यात त्याला विचारणारे लोक. "अजून सीए चालूच का?" मला माझ्या एका नातेवाइकाने मांडवात, पंगतीत वाढताना, सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी हातातली जिलबीची परात खाली ठेवून निघून गेले होते. अरे, ४१ आणि ४४ आणायला काय लागतं ते माहितीये का तुम्हाला? आठ तास ऑफिस करून, मेसची ती पातळ आमटी खाऊन, अभ्यासिकेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून. त्याची आई परभणीहून रोज रात्री नऊला फोन करते आणि रिझल्टबद्दल एक अक्षर विचारत नाही, फक्त जेवलास का विचारते. हे त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, ऑफिसात बॅलन्स शीट टॅली करताना.

दुपारी रागात त्याला जरा जास्तच लिहून बसले होते. संध्याकाळी फोन केला. म्हटलं, मी बारा दिवस उघडली नव्हती, तू तेरा घे, पण मागव. मुदत संपायच्या आत अर्ज कर, ५०० रुपये एका पेपरचे, त्या लेक्चरपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि उघडशील तेव्हा एकटा उघडू नको. तो काही बोलला नाही. नाक ओढल्याचा आवाज आला फक्त.

आत्ता हे टाइप करताना पावणेअकराला स्क्रीनशॉट आलाय, दोन्ही पेपरांचा अर्ज भरल्याचा. रविवारी ऑफिस बंद असतं, किल्ली माझ्याकडे आहे. पावणेदोनला ये म्हटलंय. ऑडिटचा मॉक पेपर प्रिंट करून ठेवते. दोन पेनं आण, आणि जेवून ये.