उलट्या माझ्या, निकाल यांचा

लिफ्टमध्ये ओकायची या आठवड्यातली तिसरी वेळ. पिशवीत, हां. पिशवीशिवाय मी हल्ली दारसुद्धा उघडायला जात नाही. तर आज सकाळी पिशवीला गाठ मारतेय, डोळ्यांतून पाणी, नाकाचं विचारूच नका, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टच्या दारात पाय घालून उभ्या. (दारात पाय घालून गप्पा मारणाऱ्यांना सोसायटीने वेगळा मेंटेनन्स लावावा, हे मी मीटिंगमध्येही बोलले होते.) लिफ्ट केकाटतेय. काकूंनी मला वरून खाली न्याहाळलं. "एवढ्या उलट्या? मग मुलगीच गं!" मी गप्प, कारण तोंड उघडलं तर दुसरी पिशवी लागली असती. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून, दहाव्याला आल्यासारख्या आवाजात म्हणतात, "असू दे. पहिली बेटी, धनाची पेटी."

असू दे? असू दे म्हणजे काय? कोण म्हणालं नसू दे? मला मुलगीच हवी असेल तर? आणि नसेल तरी तुम्ही कोण माझं सांत्वन करणार, लिफ्ट अडवून?

पाचपाखाडीपासून स्टेशनपर्यंत रिक्षात प्रत्येक खड्ड्याला मी "असू दे" म्हणत होते. दहा नंबरवरून वाशी लोकल पकडली, तर समोरच्या बाईने माझा चेहरा बघून स्वतःहून जागा दिली. देव भलं करो, असं मनात म्हणतेय तोवर, "फार होतंय का? मुलगा असणार. मुलगेच छळतात." म्हणजे पाचपाखाडीत मुलगी आणि ऐरोली येईपर्यंत मुलगा. आधी एकमेकींत ठरवून तरी या.

आणि "मॉर्निंग सिकनेस" हे नाव कुणी ठेवलं? त्याला संध्याकाळी साताच्या परतीच्या गाडीत घामाच्या आणि अत्तराच्या मधोमध उभा करा. खालच्या मजल्यावर रात्री नऊला सुकट भाजतात, ती कुठली मॉर्निंग?

नवऱ्याने शांतपणे माहिती काढून आणली, याचाही मला राग आला. म्हणे केट मिडलटनला तिन्ही वेळा भयंकर उलट्या, आणि झाले दोन मुलगे, एक मुलगी. म्हणे 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की गर्भाकडून येणारं जीडीएफ15 नावाचं हार्मोन आणि आधीपासून आईच्या शरीराला त्याची किती सवय, यावर बरंचसं ठरतं. छान. मग चाचरत म्हणाला, स्वीडनचा 1999 चा एक अभ्यास आहे, उलट्यांनी थेट हॉस्पिटलात भरती झालेल्या बायकांना शंभरात साधारण 56 मुली झाल्या, एरवी 49 होतात. म्हणजे काकू अगदीच चूक नाहीत? उशी फेकून मारली. शंभरातल्या सात जास्तीच्या मुलींवर काकू छातीठोक "मुलगीच" म्हणतात? आणि मी कुठे भरती झालेय? मी तर ऑफिसात एक्सेल भरतेय.

मुळात बाप एक्स देतो की वाय, यावर सगळं ठरतं. पण लिफ्टमध्ये नवऱ्याच्या तोंडाकडे बघून कुणी निदान करत नाही. सोनोग्राफीच्या प्रत्येक सेंटरवर मोठ्ठा बोर्ड, गर्भलिंग निदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. 1994 चा कायदा. डॉक्टर त्या धाकाने तोंड मिटून मशीनकडे बघतात. काकूंना ना मशीन लागत, ना धाक. नणंद तर आत्तापासून डोहाळजेवणात पेढा कुठल्या वाटीखाली, बर्फी कुठल्या, ते ठरवतेय. वाटी उचलताना मी त्यातच ओकणार आहे. काढा निकाल.

एक कबुली देते. काल रात्री दोन वाजता मीच मोबाइलवर "आंबट खावंसं वाटणे मुलगा की मुलगी" शोधत होते. दोन्ही उत्तरं सापडली. दोन्ही पटली.

आणि मघाशी बेल वाजली. काकू. हातात स्टीलचा डबा, आमसुलाचं सार आणि मऊ भात. "पोटात राहील बघ." राहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी राहिलं. डबा चाटूनपुसून साफ केला, रागारागाने.

आता रिकामा डबा परत कसा द्यायचा? घरात फक्त पेढे आहेत. पेढे दिले तर उद्या अख्ख्या बिल्डिंगला मुलगा कळेल. साखर घालून देते.